घातले ना थेंब?

अंबिका पोतनीस आणि मी शाळेपासून बरोबर. उज्जैनच्या आमच्या पिढीतल्या मराठी मुली एक तर शिक्षिका झाल्या, नाहीतर बँकेत चिकटल्या, नाहीतर लग्न करून इंदूर-पुण्याला गेल्या. अंबिका डोळ्यांच्या दवाखान्यात लागली ती आजतागायत तिथेच आहे. देवास गेटच्या बस स्टँडपासून पाच मिनिटांवर हा धर्मादाय दवाखाना आहे. डॉक्टरांचं तपासून झालं की पेशंट अंबिकाच्या टेबलापाशी येऊन बसतो, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं त्याच्या गळी उतरवणं हे तिचं काम. बावीस वर्षं ती हेच करते आहे. पेशंट तिला दीदी म्हणतात. तिच्या वडिलांच्या वयाचेसुद्धा.

तिच्याकडे मुख्यतः काचबिंदूचे पेशंट असतात. आमच्याकडे त्याला काला मोतिया म्हणतात आणि अर्धा घोळ त्या नावानेच होतो. मोतिया, म्हणजे मोतीबिंदू, म्हटलं की लोकांना वाटतं, ऑपरेशन केलं, पट्टी सुटली, संपलं. हा तसा नाही. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू सुकत जाते आणि नजर कडेकडेने कमी होते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली राखायची असेल तर रोज थेंब घालायचे, जन्मभर. बरं, घातले म्हणून काही छान वाटत नाही आणि चार दिवस नाही घातले तर काही बिघडलेलंही कळत नाही. अशा औषधाला माणसाने धरून राहावं तरी किती दिवस?

म्हणून अंबिका फोन करायची. दुपारी गर्दी ओसरली की रजिस्टर उघडून रोज दहा-बारा फोन. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाची गहू काढणी चालू आहे, कुणाची सून बाळंतपणाला गेली आहे, हे सगळं तिला पाठ. ती हालहवाल विचारायची आणि शेवटी तो एक प्रश्न यायचाच: "दवाई डाल रहे हो ना?" पलीकडून बहुतेक वेळा हो यायचं. ती रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायची. पण पेशंट वाढत वाढत साडेसातशेच्या वर गेले, आणि रोज दहा फोन करणाऱ्या बाईला एकेकापर्यंत पोचायला तीन-तीन महिने लागायला लागले.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात डॉक्टर गौरी आल्या. वयाने अंबिकापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी इंदूरच्या काही मंडळींकडून एक कंप्यूटरचा कार्यक्रम बसवून घ्यायचं ठरवलं. पेशंटच्या फोनवर रोज निरोप जाणार, पेशंट बोलून किंवा लिहून उत्तर देणार, आणि त्या उत्तरावर कंप्यूटर पुन्हा बोलणार. पाठ केलेली चार वाक्यं नाहीत. समोरचा जे बोलेल त्याला धरून तो आपली वाक्यं आपणच रचणार, हिंदीत, मराठीत, समोरच्याची जी भाषा असेल तिच्यात. अंबिकाने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, पण उत्साहही नव्हता. बावीस वर्षं मी माणसं जोडली, म्हणाली, आता डबा जोडणार.

बसवायला आलेला हर्षल इंदूरचाच मराठी मुलगा, समजूतदार. त्याने पहिल्या पंधरवड्यातले सगळे निरोप अंबिकाला आधी वाचायला दिले. तिने पहिल्याच पानावर लाल शाई काढली. औषध न घातल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, असं एका निरोपात होतं. खोटं नव्हतं ते. पण घाबरलेला माणूस थेंब घालत नाही, घाबरलेला माणूस दवाखान्यात यायचंच बंद करतो, हे तिला ठाऊक होतं. हर्षलने मग तिला समोर बसवून तीन दुपारी विचारलं, तुम्ही कशा बोलता, काय आधी विचारता, कुणी रागावलं तर काय म्हणता. तिने सांगितलं ते सगळं त्याने कंप्यूटरला सूचना म्हणून घातलं. दोन गोष्टी मात्र तिने हट्टाने घालायला लावल्या. पहिलं, त्याने पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी माणूस नाही, दवाखान्याचा कंप्यूटर आहे, आणि इथे बोललेलं दवाखान्यातले लोक वाचू शकतात. दुसरं, डोळा दुखतो, एकदम धुरकट दिसतं, असं काही कुणी म्हणालं तर शहाणपणा न करता लगेच माणसाकडे द्यायचं.

पहिल्याच महिन्यात एक चूक झाली. तराण्याकडच्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या फोनवर शाबासकीचा निरोप गेला, तीस दिवस एकही दिवस चुकला नाही म्हणून. उत्तर त्याच्या बायकोचं आलं: "वो तो कल रात चले गए। दवाई मैं ही डालती थी।" कंप्यूटरने तिचं सांत्वन केलं, शब्दांत काही उणं नव्हतं. पण अंबिकाला ते सहन झालं नाही. तिने फोन लावला आणि वीस मिनिटं त्या बाईचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी हर्षलला सांगितलं, अशी बातमी आली की याने एवढंच म्हणायचं, दीदी तुम्हाला फोन करतील, आणि गप्प बसायचं. हर्षलने तसं केलं.

त्यानंतर याकूबभाईंचा प्रसंग आला.

याकूबभाई भैरवगढचे छपाईवाले. लाकडी ठशांनी चादरी-साड्या छापणारं घर. स्वतः बासष्ट वर्षांचे आणि भैरवगढमध्ये त्यांचा हात नावाजलेला. ठशाला ठसा असा जुळवतात की सांधा सापडत नाही, असं लोक सांगतात. तीन वर्षं ते अंबिकाच्या रजिस्टरमध्ये होते आणि त्यांच्या नावापुढे बरोबरच्या खुणांची रांग होती. दर फोनला त्यांचं उत्तर एकच, बराबर डाल रहा हूँ दीदी. तरी तपासणीला आले की दाब वाढलेला. डाव्या बाजूची नजर बरीच गेली होती. डॉक्टर गौरींनी त्यांच्या कागदावर लिहून ठेवलं होतं की थेंबांचा उपयोग होत नाही, ऑपरेशनचा विचार करावा. दोन महिन्यांनंतरची तारीखही दिली होती.

एका दुपारी कंप्यूटरने त्यांना नेहमीप्रमाणे विचारलं आणि त्यांनी बोलून निरोप पाठवला. अंबिकाने तो आपल्या टेबलावर ऐकला. "तुम तो मशीन हो, तुमसे क्या शर्माना। दो साल से दवा आँख में कम, गाल पर ज्यादा जा रही है। हाथ काँपता है मेरा। पर दीदी को मत बताना।"

खाली कंप्यूटरचं उत्तर होतं. त्याने लिहिलं होतं की हे मी दवाखान्यापासून लपवू शकत नाही, पहिल्या दिवशीही सांगितलं होतं, इथलं बोलणं तिथे वाचता येतं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. हात थरथरला की थेंब बाहेर जातात, पुष्कळांचं होतं आणि त्यावर उपाय आहेत. दीदींना तुम्ही स्वतः सांगाल, की तुम्हाला मदत हवी आहे एवढं मी सांगू? याकूबभाईंनी यावर काही उत्तर दिलं नव्हतं.

अंबिकाने फोन उचलला आणि परत ठेवला. तिला आधी वाईट वाटलं ते खोटं बोलल्याचं. तीन वर्षं ज्या माणसाच्या मुलीच्या निकाहाची चौकशी केली, नातवाचं नाव लक्षात ठेवलं, तो आपल्याशी खोटं बोलला आणि यंत्राशी खरं. मग तिने विचार केला, तो बिचारा आत्ता काय करत असेल? कळलं असेल की दीदीने ऐकलंय. आपण लगेच फोन केला तर पुन्हा कधी तोंड उघडेल का तो? डॉक्टर गौरींना तिने एवढंच सांगितलं की याकूबभाईंच्या ऑपरेशनच्या तयारीचं दोन दिवस थांबा. ते दोन दिवस तिला भारी गेले. मला म्हणाली, जयू, त्या फोनकडे मी इतकी कधी बघत बसले नव्हते.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. दोनच वाक्यं. "बता दो। सिर्फ दीदी को।"

ती फोन न करता सरळ भैरवगढला गेली. अंगणात दोऱ्यांवर ओल्या चादरी वाळत होत्या, आत लांबलचक मेजावर याकूबभाई छापत होते. ती दारातच उभी राहून बघत राहिली. ठसा रंगात बुडवायचा, कापडावर टेकवायचा, वरून मुठीने एक ठोका. हात जराही हलत नव्हता. वजनाखाली, मेजाला टेकून तो हात पहाडासारखा होता. त्यांनी तिला पाहिलं, हातातला ठसा खाली ठेवला आणि काम करणाऱ्या दोघांना चहा प्यायला बाहेर पाठवलं. मग हात डोळ्यांच्या उंचीवर उचलून धरला. बोटं वाऱ्यातल्या पिंपळपानासारखी हलत होती.

ते हळूहळू बोलले. भैरवगढमध्ये हे कळलं तर लोक म्हणतील याकूबचा हात गेला. मग चादरी कोण देणार छापायला? घरात बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. थेंब घालताना ते मोरीत जाऊन दार लावून घ्यायचे. महिन्याची शीशी बारा दिवसांत संपायची, मग पुढच्या महिन्यापर्यंत काहीच नाही.

अंबिकाने त्यांना तिथल्याच तख्तावर आडवं व्हायला सांगितलं. उशी काढून टाकली. डोळा मिटून घ्या, म्हणाली, उघडा ठेवून नेम धरायचाच नाही. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, तिथे जो खळगा होतो ना, तिथे थेंब सोडा. हाताचं मनगट कपाळावर टेकवून. कपाळाचा आधार मिळाला की हात मेजावर टेकल्यासारखाच. मग डोळा उघडा, थेंब आपणहून आत ओघळेल. त्यानंतर दोन मिनिटं तो कोपरा बोटाने दाबून पडून राहायचं.

पहिला थेंब कानात गेला, दुसरा मिशीवर. चौथा बरोबर पडला. याकूबभाईंनी डोळा उघडला, थोडी जळजळ झाली तसे हसले, आणि मग डोळे मिटून तसेच पडून राहिले. मिटलेल्या पापण्यांतून जे पाणी आलं ते औषधाचं नव्हतं.

"बस इतना सा था?" त्यांनी विचारलं.

"इतना सा ही था," अंबिका म्हणाली. "मैंने ही कभी पूछा नहीं।"

ती निघण्याआधी त्यांनी स्वतःच बायकोला आत बोलावून सगळं सांगितलं. हमीदाबींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांना दीड वर्षापासून माहीत आहे. चहाची बशी का वाजते ते बायकोला कळत नाही होय? वाट बघत होत्या, हे कधी सांगतात याची. हाताचंही डॉक्टरांना दाखवून झालं. वयानुसार काहींना होणारी थरथर आहे, काम सोडायचं कारण नाही, असं निघालं. दीड महिन्याने डोळ्यातला दाब तपासला तर एकोणतीसचा सतरावर आला होता. डॉक्टर गौरींनी ऑपरेशनची तारीख खोडली, निदान सध्यापुरती. डावीकडची गेलेली नजर गेलीच. दुकानातल्या डावीकडच्या फळीला त्यांचा खांदा अजून लागतो.

आता अंबिकाच्या घरचं सांगायला हवं. तिने लग्न केलं नाही. फ्रीगंजमध्ये टावर चौकामागच्या गल्लीत ती वडिलांबरोबर राहते. तिची आई नऊ वर्षांपूर्वी गेली. वडील श्रीपाद पोतनीस सरकारी शाळेत गणित शिकवायचे. मीही त्यांची विद्यार्थिनी. फळ्यावर वर्तुळ काढायचे ते कर्कटकाशिवाय. आज त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि एकवीस वर्षं पूर्ण आंधळे. काचबिंदूनेच. बावन्नाव्या वर्षी निदान झालं होतं, थेंब दिले होते. अंबिका तेव्हा तेवीस वर्षांची. ते रोज सकाळी शाळेत निघाले की ती विचारायची, बाबा, घातले ना थेंब? ते हो म्हणायचे. सात वर्षांनी एक डोळा गेला तेव्हा कपाटात मागे सरकवलेल्या न उघडलेल्या शीश्या सापडल्या, एक-दोन नव्हे, अकरा. दुसरा डोळा वाचवायला उशीर झाला होता. आईने शीश्या उचलून टाकून दिल्या आणि पुढच्याच वर्षी अंबिका त्या दवाखान्यात कामाला लागली. बापलेकीत त्या शीश्यांचा विषय नंतर कधी निघाला नाही. मी त्या घरात शेकडो वेळा जेवले असेन, मी साक्षीदार आहे.

भैरवगढहून आल्यावर त्या संध्याकाळी अंबिकाने वडिलांना याकूबभाईंची गोष्ट सांगितली, नाव न घेता. सर आरामखुर्चीत ऐकत होते. गोष्ट संपली तरी ती उठली नाही. मग तिने विचारलं, चोवीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, तुम्हाला तेव्हा काय परेशानी होती?"

सर सांगायला लागले. त्या वेळच्या औषधाने डोळे लाल व्हायचे. सकाळची शाळा, सातला हजर व्हायचं, डोळे तांबडेलाल. एकदा एका मुलाचे वडील हेडमास्तरांसमोर हसून म्हणाले, मास्टरजी रात को जम के बैठते हैं क्या. दारू सोडाच, आयुष्यात सुपारीही न खाल्लेला माणूस. हेडमास्तरही हसले. सरांनी त्या दिवसापासून शाळा असेल तेव्हा थेंब घालणं सोडलं, आणि पुढे सवयच गेली. दिसत तर होतं छान. फळ्यावरचं, वह्यांतलं सगळं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाईत असायचीस," सर म्हणाले. "आणि तू विचारायचीस तेव्हा तुझ्या तोंडावर इतकी काळजी असायची, की हो म्हटलं की ती जायची. मला ते बघायला बरं वाटायचं."

अंबिका त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. चोपन्न वर्षांची बाई. सरांनी अंदाजाने तिच्या केसांवरून हात फिरवला. केस पांढरे झाले का ग, असं विचारलं. तिने सांगितलं, अर्धे. मग दोघांनी चहा घेतला.

चहा पिताना सरांनी एक काम सांगितलं. तुझ्या त्या कंप्यूटरला सांग, म्हणाले, घातले का, हे शेवटी विचार. आधी विचार, डोळे लाल होतात का, लोक काही बोलतात का.

दुसऱ्या दिवशी अंबिकाने हर्षलला फोन करून प्रश्नच बदलून घेतला. आता कंप्यूटर विचारतो, दवा सबकी कभी ना कभी छूटती है, आपकी इस हफ्ते कितनी बार छूटी? आणि घालताना काय त्रास होतो: डोळे लाल होतात, हात पोचत नाही, शीशी दाबली जात नाही, कुणी बोलतं? त्याखाली सरांच्या सांगण्यावरून आणखी एक वाक्य आहे, की लाज वाटण्यासारखं यात काही नाही. पहिल्या आठवड्यात ब्याऐंशी जणांनी कबूल केलं की थेंब सुटतात. रजिस्टरमध्ये त्यांतल्या बहुतेकांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. अंबिका ती यादी बघून खचली नाही. एवढे लोक एका आठवड्यात खरं बोलले याचंच तिला अप्रूप वाटलं. फोन ती अजूनही करते, पण आता यादीतून निवडून, जिथे माणसाचीच गरज आहे तिथे. यंत्राजवळ लोक का बोलतात हे तिला आता समजतं. त्याच्या तोंडावर काळजी दिसत नाही, म्हणून ती घालवण्यासाठी खोटं बोलावं लागत नाही. पण तख्तावर उशी काढून निजवायला कुणीतरी जावंच लागतं.

या उन्हाळ्यात देवासहून मंगला नावाच्या एका शिक्षिकेचं उत्तर आलं. मराठीत लिहिलं होतं. आठवड्यात पाच वेळा सुटतात, शाळा असते त्या दिवशी. डोळे लाल दिसतात, वर्गातल्या मुली विचारतात मॅडम रडलात का. कंप्यूटरने तिला आपल्या मनाने बंद करू नका म्हणून सांगितलं आणि तिचं नाव अंबिकाकडे पाठवलं. डॉक्टर गौरींनी तिला बोलावून औषध बदलून दिलं, आता लाली कमी करणारी औषधं आहेत. तिची नजर अजून शाबूत होती, कडेची थोडीशीच गेली होती.

अंबिकाने घरी येऊन सरांना हे सांगितलं. त्या वेळी मी तिथेच होते, पोहे खात. सर खुर्चीत जरा ताठ बसले.

"कोणता विषय शिकवते?" त्यांनी विचारलं.

"भूगोल," अंबिका म्हणाली.

"म्हणजे नकाशे बघायचे असतात तिला," सर म्हणाले, आणि बराच वेळ मान हलवत राहिले.